विषाची परीक्षा

२०१५ च्या जून महिन्यात या देशातल्या शाळकरी पोरांनाही एक शब्द पाठ झाला होता: शिसं. उत्तर प्रदेशातल्या बाराबंकीहून घेतलेल्या मॅगीच्या एका नमुन्यात मर्यादा २.५ पीपीएम असताना १७.२ पीपीएम शिसं निघाल्याची बातमी आली. ५ जूनला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने देशभर विक्री थांबवली आणि होस्टेलच्या खोल्यांमधली पाकिटं कचऱ्यात गेली. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. न्यायालयाने नेमून दिलेल्या प्रयोगशाळांत पुन्हा तपासणी झाली, तिथे शिसं मर्यादेच्या आत निघालं आणि नोव्हेंबरमध्ये मॅगी परत दुकानात आली.

कोण खरं नि कोण खोटं हा वाद मला इथे उकरायचा नाही. मला फक्त त्या काही आठवड्यांतली धावपळ आठवते. सरकार, न्यायालय, टीव्ही, आया, सगळे एका पाकिटातल्या शिशावर तुटून पडले होते. ते योग्यच होतं. खाणाऱ्याच्या पोटात विष जाणार असेल तर ते विष त्या वस्तूतून काढायला हवं, आणि ते काढता येत नसेल तर वस्तूच बाजारातून काढायला हवी, हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

पेट्रोलचंही असंच झालं. २००० साली आपल्याकडे शिसंयुक्त पेट्रोल बंद झालं, कारण धूर सगळ्यांच्याच नाकात जात होता. घरगुती रंगांसाठी ९० पीपीएमची मर्यादा आली, ती २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, कारण भिंतीचे पोपडे लहान मुलं तोंडात घालतात. तुम्ही हा लेख ज्या फोनवर वाचताय, त्यातलं सोल्डरही बहुधा शिशाविना केलेलं असेल. युरोपने २००६ मध्ये तसा नियम लागू केला आणि जगभरच्या कारखान्यांना तो पाळावा लागला.

(जाता जाता: आपण अजूनही ‘शिसपेन्सिल’ म्हणतो. तिच्यात शिसं कधीच नव्हतं, ग्राफाइट असतं. जिथे शिसं नाही तिथे आपल्या भाषेने ते वर्षानुवर्षं जपून ठेवलंय. आणि जिथे ते खरंच होतं, छापखान्यातल्या खिळ्यांमध्ये, तिथे मात्र त्याचं नाव घ्यायची वेळ वाचकावर आली नाही. शिसं, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रणातून ओतलेली ती अक्षरं जुळवत नागपूरच्या महाल-सीताबर्डीपासून पुण्या-मुंबईपर्यंत कंपोझिटरांच्या पिढ्या गेल्या. मराठी साहित्य बरीच वर्षं अक्षरशः शिशाचं होतं.)

तर मग आता शिसं आहे कुठे? बॅटरीत. जगात वापरल्या जाणाऱ्या एकूण शिशापैकी ८५ टक्क्यांच्या आसपास शिसं बॅटऱ्यांमध्ये जातं. ते तिथे राहिलं याचं तांत्रिक कारण आहे: शिसं स्वस्त आहे, जड काम करतं, आणि पुन:पुन्हा वितळवून वापरता येतं. पण आणखी एक कारण आहे, ते तांत्रिक नाही. बॅटरीचं झाकण बंद असतं. विकत घेणाऱ्याला त्यातल्या शिशाचा काहीच त्रास नसतो. त्रास होतो तो झाकण बसवण्याच्या आधी आणि झाकण फोडल्यानंतर, आणि त्या दोन्ही वेळी तुम्ही-मी तिथे नसतो.

नागपूरकरांना बॅटरीची ओळख करून द्यायला नको. कोराडी आणि खापरखेड्याच्या चिमण्या शहरातून दिसतात, तरीही भारनियमनाच्या वर्षांत विदर्भातल्या घराघरात इन्व्हर्टर शिरला. पंचेचाळीस अंशांच्या मे महिन्यात पंखा बंद पडणं म्हणजे काय, हे पुण्याच्या माणसाला सांगून कळत नाही. मग ई-रिक्षा आल्या. २०१४-१५ मध्ये त्यांना मोटार वाहन कायद्यात जागा मिळाली आणि स्टेशनपासून वस्त्यांपर्यंत त्या धावू लागल्या. धूर नाही, आवाज नाही, भाडं कमी. सीटखाली चार बॅटऱ्या. आता काहींमध्ये लिथियम आलंय, पण ही गाडी मुळात शिशावरच उभी राहिली. अशा बॅटरीचं निम्म्याहून जास्त वजन निव्वळ शिशाचं असतं. रोज पूर्ण उतरवायची नि रात्री पूर्ण चढवायची, वर नागपूरचा उन्हाळा, त्यामुळे ती लवकर म्हातारी होते. मग जुनी देऊन नवी घ्यायची, जुन्याचे किलोवर पैसे वजा होतात. ती जुनी पुढे कुठे गेली, ही चौकशी कुणी करत नाही.

नीट चालणाऱ्या कारखान्यात गेली तर बंद यंत्रात फुटते, धूर गाळला जातो, ॲसिडची सोय लागते. कबाड्याच्या मार्गाने गेली तर ॲसिड नालीत ओतलं जातं, डबा कुऱ्हाडीने फोडला जातो आणि प्लेटा उघड्या भट्टीत जातात. शिसं ३२७ अंशांना वितळतं, म्हणजे त्याला फार मोठी भट्टीही लागत नाही. वितळलेल्या शिशावर राखाडी भुकटीची साय येते, ती झाऱ्याने बाजूला काढतात. त्या भुकटीला फारसा वास नसतो आणि ती झोंबतही नाही. मिरचीच्या गोदामात काम करणारा माणूस निदान शिंकतो तरी.

ही भुकटी श्वासातून जाते आणि हातावरून तोंडात जाते. इथे विदर्भाची खास भर म्हणजे खर्रा. सुपारी, तंबाखू नि चुना पन्नीत घासायचा, आणि मग तीच बोटं तोंडात. शिशाच्या कारखान्यांसाठीच्या आपल्या जुन्या नियमांत कामाच्या खोलीत पान, सुपारी, तंबाखू आणण्यावर नाव घेऊन बंदी आहे. नियम लिहिणाऱ्याला धोका नेमका ठाऊक होता. पण या नियमाचा उपयोग पुढे कसा होतो ते पाहण्यासारखं आहे. माणूस आजारी पडला की पहिलं वाक्य तयार असतं: खर्रा खातो ना तो, मग होणारच. वाक्य खोटं नाही. फक्त त्या वाक्यात भुकटी कुणाची होती, ते येत नाही.

शरीरात शिरल्यावर शिसं कॅल्शियमचा वेष घेतं. शरीर त्याला ओळखत नाही, आपलंच समजून हाडात ठेवून देतं. रक्तातलं शिसं महिन्याभरात निम्म्यावर येतं, पण हाडातलं निम्म्यावर यायला वीस-तीस वर्षं लागतात. सुरुवातीला थकवा, डोकेदुखी, चिडचिड, बद्धकोष्ठ. प्रमाण वाढलं की पोटात अशी कळ येते की अपेंडिक्स समजून पोट उघडल्याची उदाहरणं वैद्यकाच्या पुस्तकांत आहेत. रक्त कमी होतं. मनगट लुळं पडून हात खाली लोंबतो. रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडं झिजतात. आणि यातलं एकही लक्षण असं नाही की ज्यावर ‘शिसं’ असं लिहिलेलं असतं. प्रत्येकाला दुसरं एखादं सोपं कारण सापडतं: दारू, ऊन, वय, मसाला.

एका बॅटरीवाल्या मेकॅनिकशी माझं यावर बोलणं झालं होतं. चाळिशीचा, हसतमुख, कामात वाकबगार. टर्मिनलला शिशाची पट्टी वितळवून जोडत जोडतच तो बोलत होता. म्हणाला, “माहीत आहे ना भाऊ, जहर आहे म्हणून. पन कोनी जबरदस्ती थोडी केली? आपल्या मर्जीनं करून राहिलो. संध्याकाळी गुळाचा खडा खाऊन घेतो, काई नाई होत.”

मला त्या गुळापेक्षा ‘मर्जी’ या शब्दाने जास्त अडवलं. कारण नैतिक प्रश्नाचं सगळ्यात सोपं उत्तर त्याने मला तोडून दिलं होतं. मोठा माणूस आहे, धोका जाणतो, त्याचे पैसे घेतो, कुणाची तक्रार नाही. मग तिसऱ्याने मध्ये पडायचं कारण काय? गिर्यारोहक जीव धोक्यात घालतो, त्याला आपण टाळ्या वाजवतो. कामगाराला मात्र आपण ‘बिचारा’ म्हणायचं, हा त्याचा अपमान नाही का?

हा मुद्दा झटकून टाकण्यासारखा नाही, आणि जे तो झटकतात त्यांना गरीब माणसाच्या अकलेबद्दल फारसा आदर नसतो असा माझा अनुभव आहे. पण मर्जीला दोन गोष्टी लागतात: काय होणार याची कल्पना, आणि नाही म्हणायची जागा. डोंगर चढणाऱ्याला खाली दरी दिसते. शिशाची दरी वीस वर्षं पुढे असते. ‘जहर आहे’ हे माहीत असणं आणि माझ्या रक्तात आज किती आहे हे माहीत असणं, यांत मोठं अंतर आहे. साध्या रक्ततपासणीत शिसं येत नाही, ती वेगळी तपासणी असते. त्या मेकॅनिकने ती एकदाही केलेली नव्हती. तो ज्याला संमती देत होता, तो आकडाच त्याने कधी पाहिला नव्हता. आणि नाही म्हणायच्या जागेबद्दल मी विचारलंच नाही. दुकानातल्या दोन शाळेच्या पिशव्या पाहून विचारायचं धाडस झालं नाही.

त्या पिशव्यांमुळेच मर्जीचा मुद्दा आणखी एका ठिकाणी फाटतो. भुकटी कपड्यांवर, केसांत, गाडीच्या सीटवर बसून घरी येते. मोठ्या माणसाच्या पोटातून दहाएक टक्के शिसं रक्तात उतरतं, लहान मुलाच्या पोटातून निम्म्यापर्यंत. मेंदू घडत असतानाचं शिसं बुद्धीवर आणि वागणुकीवर जो परिणाम करतं तो पुसता येत नाही. मुलांसाठी सुरक्षित म्हणावी अशी कुठलीही पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालाप्रमाणे जगातल्या दर तीनपैकी एका मुलाच्या रक्तात डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं आहे, आणि अशी सर्वात जास्त मुलं भारतात आहेत. बापाने स्वतःच्या वतीने दिलेली संमती पोराला कशी लागू होईल?

इथवर आलं की बहुतेकांना वाटतं, प्रश्न सुटला: मुलांना वाचवायचं, बस. पण ‘मुलांना वाचवायचं’ या वाक्याचंही काय काय झालंय ते ऐका.

१९७८ मध्ये अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात विलो आयलंड इथल्या अमेरिकन सायनामिड कंपनीच्या कारखान्यात बायकांना सांगण्यात आलं की शिशाच्या रंगद्रव्यांच्या विभागात मूल होऊ शकेल अशी बाई राहू शकत नाही. राहायचं असेल तर नसबंदी करून या. पाच जणींनी ती करून घेतली. दोनेक वर्षांत तो विभागच बंद झाला. पुढे १९८२ मध्ये बॅटऱ्या बनवणाऱ्या जॉन्सन कंट्रोल्स कंपनीने असंच धोरण आणलं. संघटना न्यायालयात गेली. तक्रारदारांत नोकरी टिकवण्यासाठी नसबंदी केलेली एक बाई होती, पन्नाशीची एक घटस्फोटित बाई होती जिची बदली कमी पगारावर झाली होती, आणि एक पुरुष होता. बाप व्हायचंय, त्याआधी रक्तातलं शिसं उतरावं म्हणून त्याने रजा मागितली होती. ती नाकारली गेली. शिसं पुरुषाच्या वीर्यावरही परिणाम करतं हे तेव्हा माहीत होतं, पण धोरणात पुरुष नव्हता. २० मार्च १९९१ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे धोरण बेकायदा ठरवलं: होणाऱ्या मुलांचा विचार आईबाप करतील, तो नोकरी देणाऱ्याने त्यांच्या वतीने करायचा नाही.

मला या निकालाचा आनंद होतो आणि लगेच अस्वस्थही वाटतं. बाईला शिशाच्या खोलीत जायचा समान हक्क मिळाला. खोली तशीच राहिली.

आपल्याकडेही १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ८७ खाली राज्यांनी केलेल्या नियमांत शिशाच्या कित्येक प्रक्रियांवर स्त्रियांना आणि अल्पवयीनांना कामाला लावायची बंदी होती. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने, जी नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली, स्त्रियांना सर्व प्रकारच्या कामांची दारं उघडली, आणि धोक्याच्या कामात त्यांच्या सुरक्षिततेची व्यवस्था मालकाने करावी असं सांगितलं. तत्त्व म्हणून मी याच्या बाजूने आहे. पण जुन्या नियमातली एक गोष्ट आपण पाहिलीच नाही. त्या बंदीत एक कबुली होती: हे काम गर्भाला धोक्याचं आहे. आणि गर्भाला धोक्याचं काम बापाला, म्हणजे एका प्रौढ शरीराला, चालेल असं आपण सत्तर वर्षं गृहीत धरलं. कुणाला खोलीबाहेर ठेवायचं याची यादी आपण करत राहिलो.

आता सुरुवातीच्या गोष्टींशेजारी हे ठेवून पाहा. मॅगीत शिसं सापडलं तेव्हा कुणी म्हटलं नाही की ज्यांची मूत्रपिंडं नाजूक आहेत त्यांनी मॅगी खाऊ नये. पेट्रोलच्या वेळी कुणी म्हटलं नाही की गरोदर बायकांनी रस्त्यावर येऊ नये. खाणारा, चालणारा, रंगवलेल्या घरात राहणारा धोक्यात आला की आपण वस्तूतून शिसं काढतो. काम करणारा धोक्यात आला की शिशाजवळून माणूस काढतो: आधी बाई, मग पोरगा, मग कमजोर, मग ज्याचा रिपोर्ट खराब आला तो.

रिपोर्टची गोष्ट जरा थांबून सांगायला हवी. चांगल्या कारखान्यांत कामगारांच्या रक्तातलं शिसं ठरावीक काळाने मोजतात. ते मोजलंच पाहिजे. पण तो आकडा नेमकं काय मोजतो? साखर, कोलेस्टेरॉल हे माझ्या शरीराचे आकडे आहेत. रक्तातलं शिसं माझ्या शरीराने बनवलेलं नसतं. तो आकडा त्या खोलीतल्या हवेचा आहे, धूर ओढणाऱ्या पंख्याचा आहे, आंघोळीच्या सोयीचा आहे. माणूस इथे मोजमापाचं यंत्र झालेला असतो. आपल्याकडे म्हण आहे की विषाची परीक्षा पाहू नये, म्हणजे हे विष आहे की नाही हे चाखून ठरवू नये. शिशाच्या कारखान्यात नेमकं तेच होतं. खोलीत विष किती, हे आपण एकाला चाखायला लावून ठरवतो. हवा आधी मोजता येते. पण हवेची मर्यादा काय ठेवायची, इथेही गंमत आहे: भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमाला जी दुसरी अनुसूची जोडली, तिच्यात शिशासाठी हवेच्या घनमीटरमागे ०.१५ मिलिग्रॅम अशी मर्यादा होती. अमेरिकेने १९७८ मध्येच ती ०.०५ केली होती. फुफ्फुसं दोन्हीकडे सारखीच.

आणि आकडा वाईट आला की पुढे काय? माणसाला त्या कामावरून हलवतात. ओव्हरटाइम जातो, कंत्राटी असेल तर बोलावणंच येत नाही. हे एकदा पाहिलं की बाकीचे काय शिकतील? तपासणीच्या दिवशी गैरहजर राहायला. म्हणजे जी तपासणी कामगाराला वाचवायला काढली, तीच त्याला शत्रू वाटू लागते, आणि त्याच्या जागी मी असतो तर मलाही वाटली असती. अमेरिकेच्या १९७८ च्या नियमात या गाठीवर एक शहाणं उत्तर होतं. रक्तात शिसं ठरावीक पातळीच्या वर गेलं तर कामगाराला शिशापासून दूर करायचं, पण त्याचा पगार आणि ज्येष्ठता १८ महिन्यांपर्यंत तशीच ठेवायची. शिवाय रक्तातलं शिसं बाहेर काढणारी औषधं आधीच पाजून आकडा खाली ठेवायला त्या नियमात बंदी आहे. हे असं करण्याची कल्पना कुणाला तरी सुचली असणार, म्हणून तर बंदी घालावी लागली. त्या नियमातल्या पातळ्या आज फार सैल वाटतात, पण हिशेबाची दिशा बरोबर आहे. माणूस बाजूला काढायला पैसे पडू लागले की मालकाला पंखा स्वस्त वाटू लागतो.

याउलट आपल्याकडचा दूध-गूळ. कामगाराचं पोट भरलेलं असावं, आहारात कॅल्शियम नि लोह असावं, याला अर्थ आहे, रिकाम्या पोटी शिसं जास्त शोषलं जातं. पण दुधाचा पेला किंवा गुळाचा खडा हाडातलं शिसं धुऊन काढत नाही. तो दिलासा आहे, आणि देणाऱ्याला तो फार स्वस्तात पडतो. त्या मेकॅनिकच्या हातातला गूळ पाहून मला राग आला तो त्याचा नाही.

यावर एक आक्षेप मी स्वतःलाच बऱ्याचदा घेतलाय. एवढं कडक केलं तर चांगला कारखाना महाग होईल, आणि काम गल्लीतल्या भट्टीकडे जाईल. हे खरं आहे. आजही तसंच होतं: जो धूर गाळत नाही तो जुन्या बॅटरीला जास्त भाव देऊ शकतो. म्हणजे तुमच्या-माझ्या नव्या बॅटरीच्या बिलातून जे पैसे वजा झाले, त्यात कुणाच्या तरी फुफ्फुसांचा वाटा असू शकतो. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी उत्पादकावर जबाबदारी टाकली की आपली जुनी बॅटरी गोळा करा, पुनर्वापराला पाठवा, पोर्टलवर हिशेब द्या. चांगला नियम आहे. बॅटरीतलं शिसं किलोत मोजून त्याचा माग ठेवायला आपण शिकतोय. भट्टीवरच्या माणसाचा माग मात्र त्या हिशेबात येत नाही.

कारण कायद्याला आधी डोकी मोजायची असतात. १९४८ च्या कायद्यात विजेवर चालणारा कारखाना म्हणजे किमान दहा कामगार. नव्या संहितेत वीस. धोक्याचं काम असेल तर एका कामगारालाही संहिता लागू करण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे ठेवलाय, तो अधिसूचनेने वापरायचा. दोन माणसांचं बॅटरीचं दुकान, चार माणसांची भट्टी, तिथे एरवी कुणी तपासायला जात नाही. शिसं माणसांची संख्या विचारत नाही. उलट जागा जितकी छोटी, तितका धूर दाट.

नागपूरला या बाबतीत अज्ञानाची सबब सांगता येत नाही. पर्यावरणावर काम करणारी नीरी इथेच आहे, १९५८ पासून. खाणकामगारांच्या आरोग्यासाठीची राष्ट्रीय संस्थाही इथेच होती, २०१९ मध्ये ती अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेत विलीन झाली. कोळसा आणि मँगनीजच्या पट्ट्यातल्या या शहराला धुळीने होणारे आजार माहीत आहेत. १९४७ पासून इथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, निम्म्या विदर्भाचे आणि शेजारच्या मध्य प्रदेशातले रुग्ण तिथे येतात. आणि १९४८ च्या कायद्याच्या कलम ८९ प्रमाणे शिशाच्या विषबाधेचा कामगार तपासणाऱ्या डॉक्टरने मुख्य कारखाना निरीक्षकाला कळवायचं होतं, न कळवल्यास हजार रुपयांपर्यंत दंड. तिसऱ्या अनुसूचीतल्या कळवायच्या आजारांच्या यादीत पहिलं नावच शिशाच्या विषबाधेचं होतं. ती यादी आणि ते कर्तव्य नव्या संहितेतही आहे. कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यातही शिशाने होणारे आजार आहेत, सलग सहा महिने ते काम केलेल्याला भरपाई मागता येते. मात्र या सगळ्यासाठी आधी कुणीतरी कागदावर ‘शिसं’ लिहावं लागतं.

ते लिहिलं जाण्यासाठी एक प्रश्न विचारावा लागतो. इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने १७०० साली कामगारांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं. मातीच्या भांड्यांना शिशाची झिलई देणाऱ्या कुंभारांचे थरथरणारे, लुळे पडणारे हात त्याने त्यात नोंदवलेत. डॉक्टर रोग्याला जे प्रश्न विचारतात त्यांत आणखी एक घाला, असं त्याने सुचवलं: तू काम काय करतोस?

२०१५ मध्ये, मॅगीच्या त्याच वर्षी, विसाव्या वर्षी एखादा पोरगा नागपुरात ई-रिक्षाच्या बॅटऱ्यांच्या कामाला लागला असेल, तर आज तो तिशीत आहे. समजा त्याने उद्या हे काम सोडलं आणि पानठेला टाकला. वर्षभरात त्याच्या रक्तातला आकडा बराच खाली येईल, पण हाडातलं शिसं त्याच्या पन्नाशीपर्यंत थोडं थोडं रक्तात उतरत राहील. बीपी वाढलं म्हणून तो कधीतरी ओपीडीच्या रांगेत उभा राहील. मागे शंभर माणसं असतील, डॉक्टरकडे दोन मिनिटं असतील. काम काय करता, असं त्यांनी विचारलंच, तर तो खरं तेच सांगेल: पानठेला आहे साहेब.